समोरच्याचं काम शिकून घेताना

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३३ वर्षांच्या आहेत. हिंजवडीतल्या एका आयटी सेवा कंपनीत नऊ वर्षांपासून मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या जुन्या धाटणीच्या मोठ्या संगणकांवर, काम करतात. ओहायोतल्या एका आरोग्यविमा कंपनीची क्लेमची प्रणाली आता पुण्यातून सांभाळली जाणार आहे आणि त्या कामाची केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे जाणाऱ्या माणसाकडून काम शिकून घेणं) घेणाऱ्या टीमच्या त्या लीड आहेत. शिकवणारे गृहस्थ ५९ वर्षांचे. त्या प्रणालीवर त्यांनी २७ वर्षं काढली. नोव्हेंबरअखेर केटी संपली की त्यांची नोकरीही संपणार. तिसऱ्या आठवड्यात कॉलवर ते शांतपणे म्हणाले, ‘तू माझी जागा घेते आहेस, ठाऊक आहे ना?’ तेव्हापासून ते विचारलं तेवढंच सांगतात. पत्रलेखिकेचे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि ८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. ‘कॉलवर मला आजोबाच दिसतात, रात्री झोप लागत नाही,’ असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, आपण नाही केलं तर दुसरं कुणी करेल. मॅनेजर म्हणतो, निघेल तेवढं काढून घे, मग वर्षभर ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे, पाठवतो. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. प्रोजेक्टमधून रिलीज मागू का, राहिले तर त्यांच्याशी वागू कशी आणि ऑनसाइटचं काय करू, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तुमच्या आजोबांचा उल्लेख पत्रात अगदी शेवटी येतो, पण गाठ तिथेच आहे, म्हणून आधी तीच सोडवू.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. संप लांबत गेला, पण कापड बाजारात येतच राहिलं. मालकांनी ते भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर विणून घेतलं आणि त्यावर गिरणीचा छाप मारून विकलं. तिथला विणकर जास्त तास, कमी मजुरीत आणि बहुतेक वेळा कसल्याही संरक्षणाविना राबत होता. तुमच्या आजोबांचं काम त्याच्या हाती गेलं, हे खरंच आहे. पण ते तिकडे न्यायचं हा हिशेब त्याने मांडला नव्हता, आणि फरकाचा पैसा त्याच्या खिशात गेला नव्हता. आज तुम्ही मनातल्या मनात स्वतःला मालकाच्या खुर्चीत बसवून दोषी ठरवता आहात. तुमची जागा भिवंडीच्या त्या विणकराची आहे.

म्हणून ‘मी त्यांची नोकरी घेतली’ हे वाक्य थोडं बदलून पाहा. ‘त्यांचं काम माझ्याकडे सोपवलं गेलं’ असं म्हणा. पहिल्या वाक्यात सगळा भार तुमच्यावर येतो. दुसऱ्यात निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो आणि तुमच्याकडे उरते ती हे काम कसं करायचं याची जबाबदारी. ती लहान नाही. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला इथेच अपुरं वाटतं. दुसरं कुणी करेल हे खरं, पण ते दुसरं कुणी कसं करेल यात त्या गृहस्थांच्या शेवटच्या तीन महिन्यांचा प्रश्न आहे.

कामं परदेशी पाठवण्याच्या या वादावर अमेरिकेत वीस वर्षांहून जास्त काळ बोललं जातंय, आणि दोन्हीकडच्या विचारी माणसांनी काय म्हटलं ते माहीत असलेलं बरं. फेब्रुवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव म्हणाले की कामं परदेशी जाणं हा व्यापाराचाच नवा प्रकार आहे आणि दूरच्या पल्ल्यात देशाच्या फायद्याचा आहे. निवडणुकीचं वर्ष होतं, त्यांच्याच पक्षाचे, प्रतिनिधिगृहाचे सभापती हॅस्टर्ट त्यांच्यावर तुटून पडले. त्याच वर्षी नोबेलविजेते पॉल सॅम्युएलसन यांनी गणित मांडून दाखवलं की समोरचा देश तुमच्याच हुकमी कामात तरबेज झाला, तर व्यापारातून तुमच्या देशाला मिळणारा फायदा कायमचा घटूही शकतो. २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी वेगळी रेघ ओढली. काम किती शिक्षणाचं आहे हा मुद्दा नाही, ते तारेवरून पाठवता येतं की समोर हजर राहूनच करावं लागतं, हा मुद्दा आहे. प्रोग्रॅमरचं काम जातं, प्लंबरचं राहतं. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे तुमच्याच कामाला येईल.

मला सर्वांत मोठा अन्याय दिसतो तो काम हलण्यापेक्षा, हललेल्याचा भार एकट्यानेच उचलावा लागण्यात. आयात मालामुळे काम गेलेल्यांना पुनर्प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना अमेरिकेत १९६२ पासून होती. पण ‘वस्तू’ बनवणाऱ्यांसाठी, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांचे अर्ज परत येत. २००९ मध्ये सेवाक्षेत्राला तिचं दार उघडलं आणि २०२२ च्या जुलैपासून नवे अर्ज घेणंच थांबलं. गिरणगावात याहून वेगळं काय झालं? कितीतरी कामगारांचे वारस आजही म्हाडाच्या घरांच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेत. देशाचा फायदा झाला असेल, तर ज्याच्या ताटातून तो काढला त्याला त्यातला वाटा मिळायला हवा होता. तुमच्या समोरच्या माणसाचा राग या हिशेबातला आहे. तुम्ही फक्त त्याला रोज दिसता.

आता त्यांची बाजू नेमकी समजून घ्या, म्हणजे रिलीजचा निर्णय सोपा होईल. अमेरिकेत शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, हा १९८८ चा कायदा. सामूहिक कपातीत चाळिशीपुढच्या माणसाला भरपाईच्या कागदावर सही करण्याआधी ४५ दिवस विचाराला मिळतात आणि सही केल्यावर ७ दिवसांत ती मागे घेता येते. नोकरी गेली की कंपनीचा आरोग्यविमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण स्वतःचा, कंपनीचा वाटाही धरून १०२ टक्क्यांपर्यंत. ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, सुरू होतो ६५ व्या वर्षी. ते ५९ चे आहेत. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे क्लेम मंजूर करणारी प्रणाली सांभाळलेल्या माणसाला ते १८ महिने संपल्यावर स्वतःच्या विम्याची चार-साडेचार वर्षांची खिंड पार करायची आहे. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते आहे. त्यावर त्यांना सल्ला देऊ नका, ते तुमचं काम नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जाणाऱ्याचा थांबण्याचा बोनस, कधी भरपाईचा काही भागही, केटी पूर्ण झाल्याच्या शेऱ्याशी बांधलेला असतो. तुम्ही मध्येच उठून गेलात तर नवी लीड येईल, आणि झालेली सगळी सत्रं त्यांना पहिल्यापासून पुन्हा द्यावी लागतील. तुमच्या मनाला हलकं वाटेल, त्यांचा त्रास दुप्पट होईल. म्हणून तीन आठवडे झाल्यावर रिलीज मागू नका, असं मला वाटतं. याच कोंडीत असलेल्या आणि केटी सुरू न झालेल्या वाचकांना वेगळं सांगेन. मन घेत नसेल तर आराखडा मंजूर होण्याआधी, लेखी, ‘मला दुसरी भूमिका हवी आहे’ एवढंच म्हणून मागा. खोटं आजारपण दाखवू नका. आधी बेंचचे, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहण्याचे, नियम मात्र वाचा, काही कंपन्यांत आता वर्षाला जेमतेम ३५ दिवस बेंचवर राहता येतं. आणि राहायचं ठरवूनही झोप येईनाशीच राहिली, तर दोन आठवडे वाट पाहून डॉक्टरांना भेटा. रात्रीच्या कॉल्समुळे झोप आधीच मोडलेली असते, त्यात हे दुखणं मिसळू देऊ नका.

वागायचं कसं? त्यांच्या त्या वाक्याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं दिसत नाही. ते द्या. एकदाच, रेकॉर्डिंग बंद असताना, दोन-तीन वाक्यांत: हो, मला ठाऊक आहे. निर्णय माझा नव्हता, पण तुमचं काम माझ्याकडे येतंय हे मी नाकारत नाही. तुम्हाला कोणत्या वेळा सोयीच्या, ते सांगा, मी आखणी बदलते. बस्स. पुन्हा पुन्हा माफी मागू नका, आणि आजोबांची गोष्ट आत्ता सांगू नका. ती सांगितली की तुमचं सांत्वन करायचं ओझं त्यांच्यावर पडतं.

मॅनेजरच्या ‘निघेल तेवढं काढून घे’ने मिळते ती सर्वांत कच्ची केटी. पिळलेला माणूस कागदावर असलेलं तेवढंच सांगतो. तुम्हाला हवं असतं ते कागदावर नसलेलं. साधारण बारा आठवड्यांची केटी असेल तर पहिले दोन आठवडे एकही सत्र न ठेवता मागच्या २४ महिन्यांची सगळी टिकिटं, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, उतरवून वाचायला हवी होती. तुमच्याकडे ते झालेलं नसेल तर या शनिवार-रविवारी करा. प्रकारानुसार लावली की पंधरा-वीस प्रकारांतच बहुतेक टिकिटं बसतात. मग त्यांना ‘हे मॉड्यूल समजावून सांगा’ असं विचारायचं नाही, ‘मार्चमध्ये हा जॉब चारदा पडला आणि चारही वेळा तुम्ही वीस मिनिटांत उभा केलात, तेव्हा काय पाहिलंत?’ असं विचारायचं. (जॉब म्हणजे संगणकावर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम.) २७ वर्षं काम केलेल्या माणसाला असा प्रश्न आवडतो. आपलं काम कुणीतरी नीट वाचलंय, हे त्याला कळतं.

एक उदाहरण घेऊ. रात्रीची बॅच, म्हणजे ओळीने चालणारे जॉब, एस०सी७ या चुकीने पडली. म्हणजे आकड्याच्या रकान्यात आकडा नव्हता, मोकळी जागा किंवा अक्षर आलं. हे कुठल्याही पुस्तकात आहे. रनबुकमध्ये, म्हणजे सूचनांच्या पुस्तिकेत, लिहिलेलं असतं, ‘सदोष रेकॉर्ड काढा, रीस्टार्ट करा.’ पण रीस्टार्ट कुठल्या स्टेपपासून? आधीच्या स्टेपने जीडीजीची, म्हणजे एकाच नावाच्या क्रमांकित फाइलींच्या मालिकेची, नवी पिढी तयार करून कॅटलॉग केली असेल, तर पुन्हा चालवताना ‘अधिक एक’, म्हणजे पुढची पिढी, ही आता वेगळीच फाइल. ती सांभाळली नाही, तर तेच क्लेम दुसऱ्यांदा पुढे सरकतात आणि एकाच डॉक्टरला दोनदा पैसे जातात. ही चूक सकाळपर्यंत कुणाला दिसतही नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जॉबसाठी चार गोष्टी लिहून घ्या: कुठून रीस्टार्ट चालतो, कुठून कधीच करायचा नाही, किती वाजेपर्यंत संपलाच पाहिजे, आणि तो अडकला तर पहिला फोन कुणाला. फोन करायच्या माणसांची नावं सहसा एकाच माणसाच्या डोक्यात असतात.

सत्र नव्वद मिनिटांच्या वर नको, दिवसाला दोनच. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. दुसऱ्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं तुमच्यापैकी एकाने कालचं त्यांना समजावून सांगायचं. चुका तिथेच उघड होतात. चौदा जण म्यूटवर बसलेले आणि तीन तासांचं स्क्रीन शेअर, असल्या सत्राचं रेकॉर्डिंग नंतर कुणी उघडत नाही. आणि रेकॉर्डिंग ऐकून नवख्या मुलाने लिहिलेलं डॉक्युमेंट त्यांनी डोळ्याखालून घातल्याशिवाय पक्कं धरू नका. दर डॉक्युमेंटवर माहिती देणारे म्हणून त्यांचं नाव घाला. कंपनीचा साचा तशी जागा देत नसेल, तर पहिल्या परिच्छेदात लिहा.

शॅडोच्या तीन आठवड्यांत ते करतात आणि तुम्ही पाहता, रिव्हर्स शॅडोत तुम्ही करता आणि ते पाहतात. आधीची सत्रं लांबली की हा दुसरा भाग कापला जातो, आणि घात तिथेच होतो. तीन आठवडे द्या, दोनाच्या खाली येऊ देऊ नका, आणि त्यात किमान एक मंथ-एंड, म्हणजे महिनाअखेरचं काम, पूर्ण तुमच्या हातून जाऊ द्या. क्लेम घेण्याची ८३७ आणि पैसे चुकते केल्याची ८३५ या दोन्ही फाइलींचा प्रवास तुमच्या टीमने एकदा तरी आरंभापासून शेवटापर्यंत स्वतः पाहिलेला हवा. जानेवारीत नव्या सभासदांची लाट येते. वर्षातून एकदाच चालणारे जॉब तुमच्या केटीत दिसणारच नाहीत, ते वेगळे विचारून घ्या.

वेळेचंही पाहा. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेसात. ते या काळात दुसरीकडे मुलाखती देत असणार. आठवड्यातला एक दिवस, शुक्रवार म्हणा, सत्राविना ठेवा. एखादं सत्र चुकलं तर पहिल्याच वेळी त्यांच्या मॅनेजरला सीसी करू नका. पण राहिलेला विषय लपवूही नका, उद्या तो तुमच्या टीमवर कोसळेल. जोखमींच्या यादीत ‘अमुक विषय अद्याप झालेला नाही’ असं लिहा, ‘सहकार्य मिळत नाही’ असं लिहू नका. पहिल्या वाक्याने विषय पूर्ण होतो, दुसऱ्याने माणसाचा बोनस अडकतो. पूर्ण झालेल्या विषयाचा साइन-ऑफ, म्हणजे तो झाल्याची मान्यता, त्याच आठवड्यात, लेखी द्या. त्यांच्या खासगी मेलवरून काही स्क्रिप्ट पाठवतो म्हणाले तर नको म्हणा, ते त्यांच्याच अंगाशी येऊ शकतं.

या कामात ओहायोचं एक खास वळण आहे. ऑगस्ट २०१० मध्ये गव्हर्नर टेड स्ट्रिकलंड यांनी राज्याचा पैसा परदेशातून केलेल्या सेवांवर खर्च करायला बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी विरोधी पक्षाचे जॉन केसिक आले, त्यांनीही ती चालू ठेवली. तुमच्या क्लायंटकडे राज्याच्या मेडिकेडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, काम असेल, तर तो भाग पुण्याला हलवता येईल का, हे केटीच्या आराखड्यात स्पष्ट लिहून मागा. बऱ्याचदा हा प्रश्न उशिरा उठतो. लवकर उठला तर तिथे एखाद-दोन माणसांची गरज उरते. कुणाला ठेवायचं ते क्लायंट ठरवेल, तुम्ही आश्वासन देऊ नका. प्रश्न तेवढा विचारा.

ऑनसाइटच्या शब्दावर घराचं कुठलंच गणित मांडू नका. एच-१बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसाचा वार्षिक कोटा ६५ हजार, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. एका वर्षाच्या पोस्टिंगसाठी ते कोण भरेल? एल-१बीने, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाने, नेऊ म्हणत असतील, तर २००४ च्या कायद्याने क्लायंटच्या जागेवर, क्लायंटच्या देखरेखीखाली बसवण्यासाठी तो व्हिसा वापरता येत नाही. आणि मिळालंच, तरी त्यांच्याच गावात, त्यांच्याच टेबलावर बसायचं आहे. २०१४ च्या अखेरीस ऑर्लँडोतल्या डिस्नेमध्ये सुमारे २५० जणांना नोकरी जाणार असल्याचं सांगण्यात आलं, आणि त्यातल्या अनेकांना व्हिसावर आलेल्यांना शिकवावं लागलं. त्याचा राग तिथे अजून विझलेला नाही. तो रागही निराधार नव्हता. एच-१बीवर जास्त अवलंबून असलेल्या कंपन्यांनी स्थानिकाला हटवू नये असा नियम आहे, पण वर्षाला ६० हजार डॉलर पगार दिला की त्यातून सूट मिळते, आणि १९९८ पासून तो आकडा हललेला नाही. मॅनेजरला एकच विचारा: कोणता व्हिसा, कोणत्या महिन्यात अर्ज? उत्तर मेलवर आलं नाही, तर पोस्टिंग नाही असं धरून चला.

शेवटी तुमची खुर्ची. पत्रात तुम्ही ती पक्की धरली आहे. ज्या हिशेबाने काम पुण्याला आलं तो करारात तसाच चालू राहतो. असे करार बहुधा तीन ते पाच वर्षांचे असतात आणि त्यात दरसाल प्रॉडक्टिव्हिटी कमिटमेंट, म्हणजे तेच काम कमी माणसांत करण्याचं वचन, असते. पाच टक्के धरली, तर आजची वीस जणांची टीम चौथ्या वर्षी सतराची होते. त्यातच कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड वाचून समजावणारी एआय साधनं आली आहेत. ब्लाइंडरची रेघ आठवा: तारेवरून आलेलं तारेवरूनच पुढे जातं. कोणतं टिकतं? क्लेम का नाकारला गेला, दोन विमे असतील तर आधी कुणी भरायचं, हे ज्याला कळतं त्याला क्लायंट सहजी सोडत नाही. ते ज्ञान आत्ता तुमच्यासमोर बसलं आहे. एएचएम २५० ची परीक्षा या वर्षात द्या, अमेरिकी आरोग्यविम्याची ओळख त्यात नीट होते. पुण्यात परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं आहेत, तिथे प्रोग्रॅमिंगच्या भाषेपेक्षा हे ज्ञान जास्त विचारतात. आणि ९० दिवसांचा नोटीस पीरियड असला, तरी सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात साठेपर्यंत नवी गाडी वगैरे काही नको.

त्यांच्या शेवटच्या दिवशी अर्धा तास अजेंड्याविना, रेकॉर्डिंगविना ठेवा. आले तर बोला. तेव्हा वाटलंच, तर आजोबांचं सांगा. नाही आले, तर एक छोटी मेल लिहा: त्यांच्याकडून शिकलेल्या दोन नेमक्या गोष्टी, जॉबच्या नावांसकट, आणि तुमचा पत्ता. कंपनीचे नियम परवानगी देत असतील तर लिंक्डइनवर शिफारस लिहू का, हेही त्यातच विचारा. त्यांचं लॉगिन संध्याकाळी पाचला बंद होईल, म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. झोपण्याआधीच पाठवा, सकाळी उठून पाठवलीत तर ती त्यांना मिळणार नाही.